जॉन हर्शान्यी

हंगेरीची राजधानी बुडापेस्ट येथे २९ मे १९२० रोजी जॉन हर्शान्यी यांचा जन्म झाला. त्यांच्या आईवडिलांचे औषधांचे दुकान होते. मुलाची बुद्धी गणितात विलक्षण चाले. १९३७ साली शालेय विद्यार्थ्यांच्या राष्ट्रीय गणित स्पर्धेत त्यांनी पहिला क्रमांक पटकावला.

पुढे गणित व तत्त्वज्ञान शिकावे, अशी त्यांची मनीषा होती. परंतु ते ज्यू वंशाचे होते आणि युरोपात हिटलरचा प्रभाव वाढत होता. ज्यू तरुणांना लष्करात सक्तीची मजुरी करावी लागे. औषधशास्त्राच्या विद्यार्थ्यांना मात्र त्यातून तात्पुरती सूट मिळे. म्हणून आईवडिलांच्या सल्ल्याने त्यांनी तो विषय घेतला. पण मार्च १९४४ मध्ये जर्मन सैन्याने हंगेरीचा कबजा घेतला आणि हा आधारही तुटला. मे महिन्यापासून त्यांना मजुरांच्या तुकडीत राबावे लागले. नोव्हेंबरात त्या तुकडीला ऑस्ट्रियातील छळछावणीत धाडण्याचे ठरले. आगगाडी सुटण्यापूर्वीच हर्शान्यी बुडापेस्टच्या स्थानकातून निसटले. एका जेझुइट धर्मगुरूंनी त्यांना मठाच्या तळघरात आश्रय दिला. त्यांच्या बहुतेक सोबत्यांचा मात्र छावणीत अंत झाला.

युद्ध संपल्यावर १९४७ साली त्यांनी तत्त्वज्ञानाची डॉक्टरेट मिळवली व ते विद्यापीठात शिकवू लागले. पण देशात आता कम्युनिस्टांचे वर्चस्व वाढत होते. हर्शान्यी आपली विरोधी मते लपवीत नसत. त्यामुळे १९४८ साली त्यांना नोकरी सोडावी लागली. त्यांची भावी पत्नी ॲन यांनी देश सोडण्याची निकड त्यांच्याही आधी ओळखली होती. एप्रिल १९५० मध्ये दोघांनी ॲन यांच्या आईवडिलांसह दलदलीच्या वाटेने ऑस्ट्रियाची सीमा ओलांडली. वर्षाअखेरीस ते ऑस्ट्रेलियातील सिडनीला पोहोचले.

तेथे त्यांच्या पदव्यांना मान्यता नव्हती आणि इंग्रजीही त्यांना नीट येत नसे. डॉक्टरेट मिळवलेला हा विद्वान दिवसा कारखान्यात काम करू लागला व सायंकाळी विद्यापीठात अर्थशास्त्र शिकू लागला. सुमारे तीन वर्षे हा क्रम चालला. पुढे ते ब्रिस्बेन येथे अध्यापक झाले. नंतर अमेरिकेत जाऊन १९५९ साली त्यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठाची डॉक्टरेट घेतली. १९६४ पासून ते बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात प्राध्यापक होते.

त्यांचा विषय होता खेळांचा सिद्धांत. येथे खेळ म्हणजे केवळ करमणूक नव्हे. आपण काय करावे हे समोरचा काय करील यावर अवलंबून असते, तो प्रत्येक प्रसंग या शास्त्रात खेळच मानला जातो. बुद्धिबळात सारा पट दोघांनाही दिसतो. पत्त्यांत मात्र दुसऱ्याच्या हातातील पाने झाकलेली असतात. व्यवहार बहुधा पत्त्यांसारखाच असतो. लिलावात बोली लावणाऱ्याला दुसरा किती रकमेपर्यंत जाईल, हे ठाऊक नसते. त्या काळी अमेरिका व सोव्हिएत रशिया यांनाही परस्परांचे बळ व हेतू पुरते ठाऊक नव्हते. शस्त्रकपातीच्या वाटाघाटींसाठी अमेरिकेच्या सरकारने काही तज्ज्ञांचा सल्ला घेतला. त्यांत हर्शान्यी होते.

अशा वेळी केवळ अंदाजाने चालावे काय? हर्शान्यी यांनी १९६७ व १९६८ साली तीन भागांच्या निबंधात याचे उत्तर दिले. समोरचा कोणकोणत्या प्रकारचा असू शकेल, ते आधी मांडावे. प्रत्येक प्रकार कितपत संभवतो, ते अंकांनी ठरवावे. तोही आपल्याविषयी असाच विचार करीत आहे, हे ध्यानी घ्यावे. आणि मग आपली चाल निवडावी. लिलाव, विमा व करारमदार यांचा अभ्यास आज याच पायावर उभा आहे.

न्यायाविषयीही त्यांनी मूलगामी विचार केला. समाजाचे नियम ठरवताना, आपण त्या समाजातील कोणीही असण्याचा संभव सारखाच आहे, असे मानून निवड करावी, असे त्यांनी सुचवले. मग श्रीमंताबरोबर कष्टकऱ्याच्याही सुखदुःखाचा विचार करणे भाग पडते.

१९९४ साली जॉन नॅश व राइनहार्ड झेल्टेन यांच्यासह त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. ९ ऑगस्ट २००० रोजी बर्कली येथे त्यांचे निधन झाले. उद्याचा भरवसा नसलेल्या काळात या माणसाने आपले तारुण्य काढले. तरीही विचाराची कास त्याने सोडली नाही. सर्व काही ठाऊक नसतानाही माणसाला विवेकाने वागता येते, हे त्यांनी गणिताच्या आधारे दाखवून दिले.