आजीची खोली

वर्ध्याला बँकेत असताना नारायण धारपांची पुस्तके मी रात्री वाचायचो आणि ओसरीवर ठेवून झोपायचो. १९२५ साली जन्मलेल्या धारपांनी शंभराहून अधिक पुस्तके लिहिली; समीक्षकांनी त्यांना पंगतीबाहेरच बसवले. मला त्यांच्या घरातल्या भुतांचे भय अधिक. स्टीफन किंगच्या कथेवर बेतलेल्या ‘आजी’त अंथरुणाला खिळलेल्या म्हातारीपाशी मुलगा एकटा राहतो. ही कथा १९९३ साली नागझिऱ्यात मित्राकडून ऐकलेल्या राही अनिल बर्वेंचा ‘तुंबाड’ २०१८ साली आला. त्यात म्हातारी साखळदंडात, आणि धाकटा भाऊ गमावलेला मुलगा मोठेपणी पुन्हा त्याच वाड्यात. तो पाहायला धारप नव्हते. ते २००८ सालीच गेले. मी थिएटरात डोळे मिटले. हिंगणघाटच्या आमच्या माजघरात आजी पाणी मागायची. भीतीपोटी मी कधी आत गेलो नाही.