अमर कहाणीमागचे डॉ. कोटणीस

कलबुर्गीहून गाडीत बसले की दोन-अडीच तासांत सोलापूर येते. मराठी, कन्नड आणि तेलुगू या तिन्ही भाषा एकाच बाजारात कानावर पडाव्यात, असे हे आपले शेजारचे गाव. डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस यांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० रोजी याच गावी झाला. त्यांचे नाव निघाले की जुन्या मंडळींना व्ही. शांताराम यांचा १९४६ सालचा 'डॉ. कोटणीस की अमर कहानी' हा चित्रपट आठवतो. परंतु पडद्यावरच्या कोटणीसांपेक्षा प्रत्यक्षातले कोटणीस अधिक थोर होते, असे त्यांचे चरित्र वाचताना वाटू लागते.

मध्यमवर्गीय घरातला हा मुलगा मुंबईच्या सेठ गो. सुं. वैद्यकीय महाविद्यालयातून डॉक्टर झाला. पुढील पदव्युत्तर शिक्षणाची तयारी चालू होती. इतक्यात १९३७ साली जपानने चीनवर आक्रमण केले. चीनच्या आठव्या रूट आर्मीचे सेनापती चू ते यांनी पंडित नेहरूंकडे वैद्यकीय मदत मागितली. काँग्रेसचे तत्कालीन अध्यक्ष सुभाषचंद्र बोस यांनी देशाला आवाहन केले. निधी जमला आणि पाच डॉक्टरांचे पथक निवडले गेले. अलाहाबादचे अटल, नागपूरचे चोळकर, कलकत्त्याचे बसू व मुखर्जी आणि पाचवे कोटणीस. सप्टेंबर १९३८ च्या आरंभी त्यांनी मुंबई सोडली.

जमाखर्चाच्या वहीत मांडला तर हा व्यवहार आतबट्ट्याचाच म्हणावा लागेल. देश पारतंत्र्यात, घरची जबाबदारी डोक्यावर आणि जायचे दुसऱ्याच्या युद्धात! चीनमध्ये असतानाच वडील वारल्याची बातमी आली. तरीही ते परतले नाहीत.

फेब्रुवारी १९३९ मध्ये हे पथक येनानला पोहोचले. पुढे सोबतचे डॉक्टर एकेक करून मायदेशी गेले. कोटणीस मात्र उत्तरेकडील लढाईच्या प्रदेशात राहिले. तिथे औषधांची कायमची टंचाई होती. दवाखाना खेड्यातल्या घरात थाटायचा आणि शत्रू जवळ आला की जखमींसह हलवायचा, असा क्रम होता. १९४० मधील एका मोठ्या लढाईच्या वेळी ते सलग ७२ तास न झोपता जखमींवर उपचार करीत होते, असे सांगितले जाते. जानेवारी १९४१ मध्ये त्यांच्याकडे बेथून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे संचालकपद आले. ज्यांच्या नावाचे हे रुग्णालय, ते कॅनडाचे डॉ. नॉर्मन बेथून १९३९ साली याच सेवेत मरण पावले होते.

विशेष म्हणजे कोटणीस चिनी भाषा शिकले आणि त्याच भाषेत विद्यार्थ्यांना शिकवू लागले. शाळेचे माध्यम एक आणि कॉलेजचे दुसरे झाले की आपली किती तारांबळ उडते, हे आपण जाणतोच! चिनी लोक त्यांना आपलेपणाने 'क तिह्वा' म्हणत.

त्यांच्या पत्नी कुओ छिंगलान परिचारिका होत्या आणि बेथूनच्या नावाच्या वैद्यकीय शाळेत परिचर्या शिकवीत. १९४१ च्या अखेरीस दोघांचा विवाह झाला. ऑगस्ट १९४२ मध्ये मुलगा झाला. त्याचे नाव यिनह्वा. 'यिन' म्हणजे भारत आणि 'ह्वा' म्हणजे चीन. चित्रपटात जयश्रीबाईंनी रंगविलेली नायिका आपल्या लक्षात राहते ती डॉक्टरांची प्रेमळ सहचरी म्हणून. पण डॉक्टरने शस्त्रक्रिया करून जखमीचा प्राण वाचवला, तरी पुढे रात्रंदिवस उशाशी बसून तो टिकवते ती परिचारिका. छिंगलान अशा परिचारिका घडवीत होत्या. युद्धकथांत या कामाला फारशी जागा मिळत नाही.

चित्रपटात कोटणीस प्लेगशी झुंजताना त्याच रोगाला बळी पडतात. प्रत्यक्षात त्यांना अपस्माराचे झटके येत. आजाराची पूर्ण जाणीव असूनही त्यांनी शस्त्रक्रिया, अध्यापन आणि ग्रंथलेखन सोडले नाही. ९ डिसेंबर १९४२ रोजी त्याच व्याधीने त्यांचे निधन झाले. वय अवघे ३२! मूल तेव्हा साडेतीन महिन्यांचे होते.

छिंगलानबाईंनी ते मूल वाढवले. वैद्यकीय शिक्षण घेत असतानाच १९६७ साली तोही गेला. एवढे सोसूनही त्यांनी भारताशी नाते तोडले नाही. त्या अनेकदा इकडे येऊन गेल्या. २०१२ साली त्यांचे निधन झाले.

प्लेगमुळे आलेला मृत्यू पडद्यावर शोभून दिसतो. परंतु आपला देह केव्हा दगा देईल याचा नेम नाही हे ठाऊक असताना रोज सकाळी उठून परक्या माणसांच्या जखमा धुवायच्या, हे धैर्य त्याहून मोठे आहे. मित्रहो, सोलापुरात डॉ. कोटणीसांच्या राहत्या घराचे आता स्मारक झाले आहे. पुढच्या खेपेस खरेदीला गेलात, तर अर्धा तास वेळ काढून ते अवश्य पाहून या.