भारत डब्ल्यूएचओचा मेंबर झाला आणि परळच्या हाफकिनचे साहेब थेट जिनिव्हाला पोचले..

वडाळा, माटुंगा आणि दादर पूर्वेचे रुंद रस्ते, दोन्ही बाजूंना झाडं, मध्ये फाइव्ह गार्डन. मुंबईसारख्या दाटीवाटीच्या शहरात एवढाच पट्टा ऐसपैस कसा, हा प्रश्न बऱ्याच जणांना पडतो.

त्याचं उत्तर आहे प्लेग.

१८९६ साली मांडवीत डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला आणि अख्खी मुंबई हादरली. लोक शहर सोडून पळाले. कोंदट चाळी आणि अंधाऱ्या खोल्यांमुळे रोग पसरतो, असं सरकारचं मत झालं. मग १८९८ मध्ये बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्या ट्रस्टनं दादर, माटुंगा, वडाळा, सायनच्या मोकळ्या जमिनीवर आखून-रेखून नवी वस्ती वसवायला घेतली.

वडाळ्यापासून जवळच्या परळमध्येही प्लेगनं एक गोष्ट मागे ठेवली. प्लेगची लस शोधणाऱ्या वाल्डेमार हाफकिन यांची प्रयोगशाळा १८९९ मध्ये परळच्या जुन्या गव्हर्न्मेंट हाऊसमध्ये आली. १९२५ मध्ये तिला त्यांचंच नाव मिळालं. आज केईएमच्या शेजारी आहे ती हीच हाफकिन इन्स्टिट्यूट.

तिसरी गोष्ट मात्र मुंबईपासून हजारो किलोमीटरवर घडली. १८९७ मध्ये इटलीतल्या व्हेनिसमध्ये एक आंतरराष्ट्रीय परिषद भरली. विषय होता मुंबईचा प्लेग. मुंबईहून येणारी जहाजं, माल आणि प्रवासी यांना कसं अडवायचं, यावर तिथं खल झाला. त्या वर्षी मुंबईहून निघणारी हज यात्रासुद्धा थांबवण्यात आली. रोगानं मरत होते इथले लोक, पण त्यांच्या वतीनं तिथं बोलायला होते ब्रिटिश सरकारचे अधिकारी.

पुढच्या पन्नास-पंचावन्न वर्षांत चित्र इतकं पालटलं, की जगाच्या आरोग्य संघटनेतल्या वरच्या खुर्चीवर परळच्या त्याच हाफकिनचा माणूस बसला.

त्यांचं नाव मेजर जनरल सर साहिब सिंग सोखी.

सोखी यांचा जन्म १८८७ चा, पंजाबातला. एडिनबरोला जाऊन ते डॉक्टर झाले आणि इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये दाखल झाले. ही लष्कराच्या शिस्तीतली नोकरी. पहिलं महायुद्ध त्यांनी पाहिलं. पण त्यांचा ओढा होता प्रयोगशाळेकडे. १९२० च्या दशकात ते परळला हाफकिनमध्ये आले आणि १९३२ मध्ये संस्थेचे डायरेक्टर झाले. त्या खुर्चीवर बसलेले ते पहिले भारतीय.

त्यांच्या घरातही एक मोठं नाव होतं. त्यांच्या पत्नी लीला सोखी म्हणजे प्रसिद्ध कथक नर्तिका मादाम मेनका. ज्या काळात चांगल्या घरच्या बाईनं स्टेजवर नाचणं लोकांना पटत नव्हतं, त्या काळात मेनका आपला ग्रुप घेऊन युरोप फिरून आल्या. खंडाळ्याला त्यांनी नृत्यशाळा काढली. पुढे नावारूपाला आलेल्या दमयंती जोशी या त्यांच्याच शिष्या. १९४७ च्या मे महिन्यात, स्वातंत्र्य अडीच महिन्यांवर आलेलं असताना, मेनका गेल्या.

इकडे हाफकिनमध्ये सोखी यांच्या डोक्यात एकच विचार घोळत होता. लस आणि औषधं इथंच बनली पाहिजेत.

प्लेगनं तोवर देशात एक कोटीहून जास्त बळी घेतले होते. हाफकिनमध्ये सोखी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्लेगच्या लशीवर नव्यानं काम केलं. १९४० च्या सुमारास सल्फा गटातली नवी औषधं प्लेगवर चालतात का, हे तिथं तपासलं गेलं. सुरुवात उंदरांपासून झाली, नंतर पेशंटवर प्रयोग झाले. या कामात त्यांच्यासोबत होते डॉ. बी. बी. दीक्षित, जे पुढे दिल्लीच्या एम्सचे पहिले डायरेक्टर झाले. प्लेग झाला म्हणजे माणूस गेलाच, हे समीकरण बदलायला तेव्हा सुरुवात झाली.

पण औषध सापडणं वेगळं आणि ते पेशंटपर्यंत पोचणं वेगळं. औषध परदेशातून येणार, त्याची किंमत परदेशी कंपनी ठरवणार आणि युद्ध लागलं की जहाजं बंद. दुसऱ्या महायुद्धात देशानं हे सगळं भोगलं.

याच काळातली सोखी यांची आणखी एक कामगिरी आहे. १९३८ मध्ये सुभाषबाबू काँग्रेसचे अध्यक्ष असताना नॅशनल प्लॅनिंग कमिटी नेमली गेली. तिचे अध्यक्ष होते जवाहरलाल नेहरू. स्वातंत्र्य मिळाल्यावर देश कसा चालवायचा, याची आखणी ही कमिटी करत होती. त्यातल्या आरोग्याच्या उपसमितीचं अध्यक्षपद सोखी यांच्याकडे आलं. सरकारी नोकरीतला, लष्करी हुद्द्याचा माणूस काँग्रेसच्या कमिटीत.

दर हजार लोकांमागे एक आरोग्यसेवक तयार करा, ही त्या समितीची शिफारस होती. प्रत्येक गावाला डॉक्टर देणं जमणार नव्हतं. म्हणून थोडं ट्रेनिंग दिलेला माणूस तरी गावागावांत हवा, असा हिशोब त्यामागे होता. आज गावोगावी दिसणाऱ्या आशा ताई आठवा. २००५ मध्ये ही योजना आली तेव्हाही साधारण हजार लोकांमागे एक, असंच गणित धरलं होतं.

आता येऊ मुद्द्यावर. भारत जागतिक आरोग्य संघटनेचा मेंबर झाला कसा?

दुसरं महायुद्ध संपल्यावर १९४६ च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कमध्ये आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषद भरली. २२ जुलैला ६१ देशांनी डब्ल्यूएचओच्या घटनेवर सह्या केल्या. त्यात भारतही होता. पण तेव्हा देश ब्रिटिशांच्या ताब्यात होता आणि नुसत्या सहीनं काम भागत नव्हतं. घटना मान्य असल्याचं पत्र सरकारनं संयुक्त राष्ट्रांकडे अधिकृतपणे जमा करायचं, असा नियम होता.

त्यात भारताच्या बाजूनं एक गोष्ट होती. जे देश संयुक्त राष्ट्रांचे सदस्य होते, त्यांना फक्त हे पत्र द्यायचं होतं. बाकीच्यांपैकी काही देशांना अर्ज करून मतदानाला सामोरं जावं लागणार होतं. भारत १९४५ पासून, म्हणजे स्वातंत्र्याच्या आधीच, संयुक्त राष्ट्रांचा सदस्य होता. त्यामुळं कुणापुढं हात जोडायची वेळ आली नाही. १२ जानेवारी १९४८ रोजी भारत रीतसर सदस्य झाला. स्वातंत्र्याला तेव्हा पाच महिनेही पूर्ण झाले नव्हते. फाळणीचे निर्वासित छावण्यांमध्ये होते आणि काश्मीरमध्ये लढाई सुरू होती.

संयुक्त राष्ट्रांच्या २६ सदस्य देशांची मान्यता मिळाल्यावर ७ एप्रिल १९४८ रोजी डब्ल्यूएचओची घटना लागू झाली. म्हणून ७ एप्रिलला जागतिक आरोग्य दिन असतो.

त्याच वर्षी जून महिन्यात जिनिव्हात पहिली सभा भरली. भारताच्या शिष्टमंडळाच्या प्रमुख होत्या देशाच्या पहिल्या आरोग्यमंत्री राजकुमारी अमृत कौर. दोनच वर्षांनी, १९५० मध्ये, त्या या सभेच्या अध्यक्ष झाल्या. आग्नेय आशियाचं विभागीय ऑफिस दिल्लीला आलं आणि त्याचे पहिले प्रमुख झाले डॉ. चंद्र मणी. थोडक्यात, नवा मेंबर मागच्या बाकावर बसलाच नाही.

सोखी यांनी १९४९ मध्ये हाफकिन सोडलं. पुढचा मुक्काम जिनिव्हा, डब्ल्यूएचओचे असिस्टंट डायरेक्टर जनरल म्हणून.

मेंबर झाल्यावर गरीब देशाला काय मिळतं? साधं उत्तर म्हणजे मदत. लशींचे खोके येतात, औषधं येतात, तज्ज्ञ येऊन सल्ला देतात. पण खोके संपले की पुन्हा अर्ज करायचा. सोखी यांनी हाफकिनमध्ये दोन दशकांहून जास्त काळ काढला होता. औषध वाटणं आणि औषध बनवायला शिकणं यातला फरक त्यांना चांगलाच ठाऊक होता.

त्यावेळी पेनिसिलीन म्हणजे चमत्कार समजलं जायचं. न्यूमोनिया, चिघळलेल्या जखमा, बाळंतपणातला ताप, सगळ्यावर ते लागू पडायचं. पण ते मोठ्या टाक्यांमध्ये बनवण्याचं तंत्र मोजक्या परदेशी कंपन्यांच्या हातात होतं. भारतात पेनिसिलीनचा कारखाना व्हावा म्हणून सोखी हाफकिनमध्ये असल्यापासून धडपडत होते. जिनिव्हाला गेल्यावरही त्यांनी तो विषय सोडला नाही.

१९५१ मध्ये भारत सरकार, डब्ल्यूएचओ आणि युनिसेफ यांच्यात करार झाला. यंत्रं युनिसेफनं द्यायची, तांत्रिक मदत डब्ल्यूएचओनं करायची आणि कारखाना भारत सरकारच्या मालकीचा राहायचा.

कारखान्यासाठी जागा निवडली पुण्याजवळच्या पिंपरीची.

१९५४ मध्ये हिंदुस्तान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी उभी राहिली आणि १९५५ मध्ये पेनिसिलीन तयार होऊ लागलं. पिंपरी-चिंचवड आज औद्योगिक शहर म्हणून ओळखलं जातं. तिथं आलेल्या पहिल्या मोठ्या कारखान्यांपैकी हा एक. जुने लोक त्या भागाला आजही एचए म्हणूनच ओळखतात.

सोखी १९५२ मध्ये भारतात परतले. राष्ट्रपतींनी त्यांना राज्यसभेवर नेमलं आणि १९५६ पर्यंत ते खासदार राहिले. इंग्रजांनी ज्यांना सर ही पदवी दिली होती, त्याच सोखींना १९५३ चा स्टालिन शांतता पुरस्कार सोव्हिएत रशियानं दिला. असे दोन्हीकडचे मान मिळालेली माणसं फार थोडी.

१९७० मध्ये संसदेनं नवा पेटंट कायदा केला. औषधाच्या रसायनावर पेटंट मिळणार नाही, ते बनवण्याच्या पद्धतीवरच मिळेल, असं त्यात ठरलं. वेगळ्या पद्धतीनं तेच औषध स्वस्तात बनवायचा रस्ता भारतीय कंपन्यांना मोकळा झाला. त्यानंतर वर्षभरानं, ऑक्टोबर १९७१ मध्ये, सोखी गेले.

आज जगातल्या कितीतरी गरीब देशांमध्ये मुलांना टोचली जाणारी लस आणि मिळणाऱ्या गोळ्या भारतातून जातात. १२ जानेवारी १९४८ ला देशाला जिनिव्हात खुर्ची मिळाली होती. त्या खुर्चीचा उपयोग मागण्यासाठी करायचा की शिकण्यासाठी, हे त्या खुर्चीवर बसणाऱ्या माणसांनी ठरवलं.