अल्लामा जमखशरी : लाकडी पाय आणि सोबतचा महजर

अरबी व्याकरण आणि तफसीर यांच्या दुनियेत अल्लामा जमखशरी (रह.) हे मोठं नाव. मदरशात शिकलेल्या माणसाने ते ऐकलेलंच असतं. पण हे फार थोड्यांना माहीत आहे की या इमामांचा एक पाय लाकडाचा होता आणि प्रवासात ते एक कागद जवळ बाळगत. त्या कागदावर बऱ्याच लोकांच्या साक्षी होत्या, की यांचा पाय गुन्ह्याची शिक्षा म्हणून तोडलेला नाही.

एवढ्या मोठ्या आलिमला असा कागद का लागावा? त्यासाठी त्यांचं आयुष्य थोडं पाहू या.

त्यांचं नाव महमूद बिन उमर, कुन्यत अबुल कासिम. जन्म हिजरी 467 मध्ये, म्हणजे इसवी सन 1075 ला, ख्वारज्म प्रांतातल्या जमखशर गावी. गावावरूनच ते जमखशरी झाले. अरल समुद्राच्या दक्षिणेचा, अमू दर्याच्या काठचा हा मुलूख आज तुर्कमेनिस्तान आणि उझबेकिस्तानात विभागला आहे. तिथली थंडी जीवघेणी. हातपाय गारठून झडण्याचे प्रकार तिकडे घडत.

पाय कसा गेला याबद्दल चरित्रकारांनी वेगवेगळ्या गोष्टी लिहून ठेवल्या आहेत. एक अशी की ख्वारज्ममध्ये प्रवासात असताना बर्फ आणि थंडीने पाय निकामी झाला. दुसरी अशी की इल्म शिकण्यासाठी बुखाऱ्याला जाताना ते जनावरावरून पडले, पाय मोडला आणि शेवटी कापावा लागला. या दुसऱ्या गोष्टीला बालपणीचा एक प्रसंग जोडलेला आहे. लहानपणी त्यांनी एका चिमणीच्या पायाला दोरा बांधला होता. चिमणी बिळात शिरली, त्यांनी दोरा ओढला आणि तिचा पाय तुटला. ते पाहून आईचा जीव कळवळला आणि तिच्या तोंडून बद्दुआ निघून गेली. बगदादमध्ये एका फकीहने पायाचं कारण विचारलं, तेव्हा जमखशरींनी स्वतःच ही हकीकत सांगितली, असं लिहिलेलं आढळतं. इतक्या मोठ्या माणसालाही हा प्रश्न चुकला नाही.

त्या जमान्यात चोरी किंवा वाटमारीच्या गुन्ह्यात हात-पाय तोडण्याची शिक्षा होती. त्यामुळे अनोळखी गावात पाय नसलेला माणूस दिसला की लोकांच्या मनात आधी तोच संशय यायचा. म्हणून जमखशरी चालताना लांब झगा लाकडी पायावर सोडत. पाहणाऱ्याला वाटावं की माणूस नुसता लंगडतोय. आणि तरीही कुणी शंका घेतलीच तर तो कागद सोबत असायचाच. अरबीत त्याला महदर म्हणतात. शिवकाळात आणि पेशवाईत वतनाच्या तंट्यात साक्षीदारांसह लिहिला जाणारा महजर, तो याच शब्दापासून आलेला. आपल्याकडे जमिनीसाठी महजर व्हायचा, या माणसाला स्वतःच्या पायासाठी करावा लागला.

पण या पायाने त्यांना अडवलं नाही. याच लाकडी पायावर ते हजारो किलोमीटर फिरले. बगदादला गेले, मक्केला गेले, परत मायदेशी आले आणि पुन्हा मक्केला गेले. काबागृहाच्या शेजारी इतकी वर्षं राहिले की त्यांना जारुल्लाह, अल्लाहचा शेजारी, ही पदवीच मिळाली. अरबी ही त्यांची जन्मभाषा नव्हती. तरी अल-मुफस्सल हे त्यांचं व्याकरणाचं पुस्तक शतकानुशतके शिकवलं गेलं, आणि असासुल बलागा हा त्यांचा शब्दकोश आजही अभ्यासक उघडतात.

साठीच्या आसपास असताना त्यांनी मक्केत तफसीर-ए-कश्शाफ लिहायला घेतली. काम अवघ्या दोन-सव्वादोन वर्षांत, हिजरी 528 मध्ये पुरं झालं. अकीद्याने ते मोअतजिली होते. त्यामुळे सुन्नी उलेमांनी कश्शाफमधल्या कित्येक मतांचं खंडन केलं. पण कुरआनच्या भाषेचं सौंदर्य उलगडून दाखवण्यात त्यांना तोड नाही, हे विरोधकांनीही मान्य केलं. आपल्या मदरशांत दर्से निजामीत शिकवली जाणारी तफसीर-ए-बैजावी मोठ्या प्रमाणात कश्शाफवरच उभी आहे.

त्यांचं नाव इतकं झालं की हदीसचे मशहूर आलिम हाफिज सिलफी यांनी इस्कंदरियाहून पत्र लिहून त्यांच्याकडे इजाजत मागितली. ज्यांच्या हातची सनद मिळावी म्हणून आलिम लोक पत्रं लिहीत, त्यांना स्वतःच्या पायासाठी मात्र लोकांची सनद बाळगावी लागत होती. हिजरी 538 मध्ये, अरफाच्या रात्री, म्हणजे 1144 साली गुरगंज इथे त्यांचा इंतिकाल झाला. पुढे इब्ने बतूता त्या भागात गेला, तेव्हा शहराबाहेर त्यांच्या कबरीवर घुमट उभा होता.

आता आपण आपल्याकडे पाहू या. पाय तोडण्याची शिक्षा आपल्याकडे नाही. पण संशय गेला का? तरुण मुलगा कुबडी घेऊन लोकलच्या दिव्यांग डब्यात चढला की चार डोळे त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळतात. मशिदीत कुणी खुर्चीवर नमाज पढतो आणि नंतर चालत घरी जातो, की मागे कुजबुज सुरू होते. तवाफ व्हीलचेअरवर करणारी बाई हॉटेलात दोन पावलं चालताना दिसली, तर गावी परतल्यावर त्याचीच चर्चा होते. चालता येणं आणि दुखल्याशिवाय, पडल्याशिवाय चालता येणं, यात फरक आहे हे आपण विसरतो. काहींना दहा पावलं जमतात, शंभर नाही. काहींचा सकाळचा जोर दुपारपर्यंत संपतो. सज्द्यातून उठताना गुडघा दगा देतो, तो बाहेरच्याला दिसत नाही. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात 21 प्रकार नोंदले आहेत. त्यात सिकलसेल, थॅलेसेमिया, मल्टिपल स्क्लेरोसिस, पार्किन्सन असे आजारही आहेत. त्यातले कित्येक वरवर पाहून ओळखता येत नाहीत.

तिकीट तपासनीसाने प्रमाणपत्र मागणं हे त्याचं कामच आहे. पण शेजारच्या सीटवरच्या माणसाने, सफमधल्या नमाजीने किंवा लग्नाच्या हॉलमधल्या खालाजानने ते मागायचं कारण नाही. नजरेने मागितलं तरी ते मागणंच झालं.

सूरह हुजुरातच्या बाराव्या आयतीत अल्लाहने ईमानवाल्यांना जास्त बदगुमानी करण्यापासून दूर राहायला सांगितलं आहे. काही गुमान गुनाह असतात, असं तिथेच बजावलं आहे, आणि दुसऱ्याचे दोष शोधत फिरू नका, असंही. कश्शाफ लिहिताना जमखशरींची लेखणी या आयतीवरूनही गेली. त्या वेळी तो महजर त्यांच्याजवळच कुठेतरी असेल.

तो कागद त्यांच्यावर लोकांच्या नजरेने लादला होता. आपल्या मोहल्ल्यात, आपल्या मशिदीत कुणाला तसा कागद बाळगावा लागू नये, एवढं तर आपल्या हातात आहे. काठी दिसली तर वाट द्यावी, खुर्ची दिसली तर जागा करावी, आणि कारण विचारू नये.