भरवसा आणि विहीर



रविवारची मिस्सा आटोपली की आपल्यापैकी कित्येक कुटुंबे चौपाटीवर फिरायला जातात. ह्याच चौपाटीजवळ ११ मार्च १८८९ रोजी एका तिशीतल्या विधवेने 'शारदा सदन' नावाची शाळा उघडली. पहिल्या विद्यार्थिनींमध्ये गोदूबाई नावाची एक बालविधवा होती. पुढे महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्याशी तिचा पुनर्विवाह झाला. शाळा उघडणाऱ्या बाई म्हणजे पंडिता रमाबाई.

रमाबाई आपल्या कॅथोलिक ख्रिस्तसभेच्या नव्हत्या. १८८३ साली इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांनी व त्यांच्या लहानग्या मनोरमेने अँग्लिकन पंथात स्नानसंस्कार घेतला. तिथल्या मठभगिनींशीही त्या धर्मसिद्धांतावर वाद घालीत. कुणी सांगितले म्हणून मान डोलावणे त्यांना जमत नसे. तरीही देवाच्या तरतुदीवर विसंबणे म्हणजे काय, हे आपल्या मराठी मातीत पाहायचे तर आम्हाला त्यांच्याकडेच वळावेसे वाटते.

त्यांचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे विद्वान व हट्टी. पत्नीला आणि मुलीला संस्कृत शिकवल्याबद्दल त्यांनी लोकांचा रोष पत्करला. हे कुटुंब तीर्थक्षेत्रे फिरत, पुराणे सांगत, मिळेल त्या दक्षिणेवर जगे. होते ते पैसे दानधर्मात आणि अनुष्ठानात संपले. मग दुष्काळ आला. १८७४ च्या सुमारास थोड्याच काळात वडील, आई आणि थोरली बहीण गेली. रमाबाई व भाऊ श्रीनिवास अनवाणी, अर्धपोटी भारतभर चालले. पंजाबात झेलमच्या काठी थंडी सोसेना, तेव्हा वाळूत खड्डे करून अंगावर वाळू ओढून ती दोघे निजली.

इथे आम्हाला थांबावेसे वाटते. अनंतशास्त्र्यांचा देवावर भरवसा नव्हता काय? होता, आणि तो अगदी प्रामाणिक होता. मग त्यांची उपासमार का झाली? ह्या प्रश्नाला सेमिनरीत आम्ही शिकलेले तत्त्वज्ञान पुरत नाही, हे कबूल केलेले बरे. परळ-लालबागच्या ज्या घरांनी १९८२ च्या गिरणी संपानंतर चूल विझलेली पाहिली, त्या घरांतही रोज रोझरी होत होतीच. भरवसा ठेवला की संकट टळते असे सांगणारा धर्मगुरू आपल्या लोकांना ओळखत नाही, असे आमचे मत आहे.

रमाबाईंची संकटेही टळली नाहीत. कलकत्त्यात १८७८ साली त्यांना 'पंडिता' व 'सरस्वती' ह्या पदव्या मिळाल्या. १८८० साली भाऊ वारला. १८८२ साली पती बिपिनबिहारी पटकीने गेले. शारदा सदन १८९० मध्ये पुण्यास हलले आणि तिथे १८९३ साली मुलींच्या धर्मांतराची शंका घेऊन गदारोळ उठला. न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर यांच्यासारखे सल्लागारही दूर झाले. वीसहून अधिक मुलींना पालकांनी काढून नेले.

अमेरिकेतील हितचिंतकांनी मदतीचे वचन दिले होते ते दहाच वर्षांचे. ती मुदत कधीतरी संपणार हे ओळखून रमाबाईंनी आधीच पुणे-दौंड मार्गावरील केडगावला माळरान विकत घेतले होते. तिथे त्यांनी विहिरी खणवल्या, फळझाडे लावली. हे आम्हाला फार महत्त्वाचे वाटते. आकाशातल्या पाखरांचा दाखला त्यांना ठाऊक होता, पण पाखरेही घरट्यात बसून राहत नाहीत, दाणे टिपायला बाहेर पडतात, हेही त्यांना ठाऊक होते.

१८९६-९७ चा दुष्काळ पडला तेव्हा त्यांना स्वतःची भूक आठवली. त्या मध्य प्रांतात गेल्या आणि सुमारे तीनशे मुली व स्त्रिया घेऊन आल्या. इतक्यांना पुरेल एवढी ठरलेली वर्गणी नव्हती, पुरेशी छपरेही नव्हती. पोट भरणार कसे, हे पैशाच्या वहीत पाहून त्या निघाल्या असत्या तर बहुधा निघाल्याच नसत्या. १९०० च्या गुजरातच्या दुष्काळानंतर केडगावच्या मुक्तिसदनात जवळपास दोन हजार जीव झाले. पहाटे प्रार्थना होई. मग कुणी मागावर, कुणी शेतात, कुणी गोठ्यात, कुणी छापखान्यात. अंध मुलींना मनोरमाबाई ब्रेल शिकवीत. कित्येक मुली इतक्या खंगून आलेल्या की त्या वाचल्या नाहीत. रमाबाईंनी त्यांनाही मूठमाती दिली आणि दुसऱ्या दिवशी उरलेल्यांसाठी धान्य मोजून काढले.

शेवटची वर्षे त्यांनी मूळ हिब्रू व ग्रीकमधून बायबल सोप्या मराठीत आणण्यात घालवली. खेड्यातल्या बाईला ते कळावे एवढाच त्यांचा आग्रह. कान गेले होते, तब्येत खालावली होती. सारे काम आता मनोरमा पुढे नेईल असे वाटत असताना २४ जुलै १९२१ रोजी तीच गेली. आईवडील, बहीण, भाऊ, पती यांच्यानंतर आता एकुलती लेक. रमाबाईंचे त्या वेळी देवाशी काय बोलणे झाले ते त्या दोघांनाच माहीत. त्या पुन्हा भाषांतराच्या मुद्रितांकडे वळल्या.

५ एप्रिल १९२२ रोजी त्यांनी देह ठेवला. संपूर्ण बायबल १९२४ साली बाहेर पडले. त्याची छपाई केडगावच्या छापखान्यात मुक्तिसदनाच्या मुलींनीच केली होती.