स्वतःलाच लस टोचून घेणारे हाफकिन

मुंबईत १८९६ मध्ये प्लेगची साथ उसळली, तेव्हा सरकारने जीवशास्त्रज्ञ वाल्डेमार हाफकिन यांना पाचारण केले. ओडेसा येथे १८६० मध्ये जन्मलेले हाफकिन पॅरिसच्या पाश्चर संस्थेत घडले होते. ग्रँट मेडिकल कॉलेजातील तोकड्या जागेत त्यांनी उष्णतेने मारलेल्या जंतूंची लस सिद्ध केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी प्रथम स्वतःलाच टोचून घेतली. मेलेला जंतू रोग देत नाही. मात्र त्याच्यावरील प्रथिनांची ठेवण शरीर ओळखते. तिच्याशी नेमके जुळणारे प्रतिपिंड तयार होतात आणि जिवंत जंतू शिरताच त्याला चिकटतात. विषाणूंवरील लशींचे तत्त्वही हेच.

१९०२ मध्ये पंजाबातील मुलकोवाल येथे लस टोचलेले १९ जण धनुर्वाताने दगावले. हाफकिन यांच्यावर ठपका आला, पद गेले. मात्र दगावलेले सारे एकाच बाटलीतील लस घेतलेले होते. १९०७ मध्ये ते निर्दोष ठरले. परळच्या प्रयोगशाळेला १९२५ मध्ये त्यांचे नाव देण्यात आले. १९३० मध्ये लोझान येथे त्यांचे निधन झाले.

पुढे पल्स पोलिओ मोहिमेत कळवणसारख्या डोंगराळ तालुक्यांतील पाड्यांवरही डोस पोहोचले. त्या मोहिमेसाठी लस पुरविणाऱ्यांत हाफकिन यांच्या नावाचे महामंडळही होते.