येशूसंघीय चित्रकार बंधू अंतोनियो मोस्केनी

मृतांच्या स्मरणार्थ देवमंदिरांस रंगीत काचांच्या खिडक्या बसविण्याची चाल युरोपात जुनी असून, तेथील विद्यापीठांच्या प्रार्थनामंदिरांत तिचे उत्तम नमुने पाहावयास मिळतात. आपल्याकडेही मुंबईस कुलाब्याच्या अफगाण चर्चात, जे आंग्ल पंथीयांनी बांधिले, पहिल्या अफगाण युद्धात पडलेल्यांचे स्मारक म्हणून तशा खिडक्या आहेत. परंतु आम्हांस आज ज्या मंदिराविषयी सांगावयाचे आहे, तेथे हे काम काचेने नव्हे, तर चुन्याच्या भिंतीने केले आहे. मंगळूर येथील संत आलोयसियस महाविद्यालयाचे हे मंदिर होय. सन १८८० मध्ये येशूसंघीयांनी स्थापिलेल्या या संस्थेस सन २०२४ मध्ये अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. तिचे मंदिर ज्याच्या कुंचल्याने नटले, तो पुरुष धर्मगुरू नव्हता. तो एक साधा बंधू होता.

अंतोनियो मोस्केनी यांचा जन्म सन १८५४ मध्ये इटली देशात बेर्गामो शहरानजीक स्तेत्सानो या गावी झाला. बेर्गामोच्या कारारा कलाशाळेत त्यांनी चित्रकला संपादिली, आणि पुढे देवमंदिरे रंगविण्यात चांगला लौकिक मिळविला. हात स्थिरावलेला, नाव होत चाललेले, अशा वेळी, वयाच्या पस्तिसाव्या वर्षी, सन १८८९ मध्ये ते येशूसंघात दाखल झाले. आणि तेही बंधू म्हणून. बंधूस मिस्सा अर्पिण्याचा अधिकार नसतो, व्यासपीठ नसते. स्वयंपाकघर, बाग, सुतारकाम हीच बहुधा त्याची सेवा. आपल्या समाजात आजही मुलगा धर्मगुरू झाला तर घरी आनंद मानतात, बंधू झाला तर गप्प राहतात. हे आम्हांस योग्य वाटत नाही.

मंगळूरचे मिशन सन १८७८ पासून इटलीतील येशूसंघीयांकडे होते. तेथे सन १८९८ मध्ये बंधू मोस्केनी येऊन पोहोचले, आणि सुमारे अडीच वर्षे त्या मंदिरात खपले. भित्तिचित्राची रीत अशी की, भिंतीस चुन्याचा ताजा गिलावा द्यावयाचा आणि तो ओला आहे तोवरच त्यावर रंग भरावयाचा. चुना वाळताना रंग आत घट्ट धरून ठेवितो. म्हणून तो सहसा पुसला जात नाही, पण चूक झाली तर तीही पुसता येत नाही. तेवढा गिलावा खरवडून काम पुन्हा आरंभावे लागते. छताची चित्रे मात्र कापडावर तैलरंगांनी काढिली आहेत. मंगळूरचा पावसाळा ज्यांनी पाहिला आहे, त्यांस या कामाची कठीणता सांगावयास नको.

छतावर संत आलोयसियस गोंझागा यांचे चरित्र आहे. राजघराण्यातील हा ज्येष्ठ पुत्र आपला वारसा सोडून सन १५८५ मध्ये येशूसंघात गेला, आणि रोममध्ये साथीच्या रोग्यांची शुश्रूषा करिताना रोग जडून सन १५९१ मध्ये, अवघ्या तेविसाव्या वर्षी, देवाघरी गेला. वर्गातील पोरांनी मान वर केली की आपल्याहून थोडाच मोठा असा हा तरुण त्यांस दिसावा, यात संस्थेचा हेतू उघड आहे. एका नावलौकिक सोडलेल्या माणसाने दुसऱ्या त्यागी माणसाचे चरित्र रंगविले, हे आम्हांस विशेष वाटते.

पुढे त्यांनी मुंबईच्या होली नेम मंदिरात भित्तिचित्रे काढिली, आणि कोचीन येथील सांताक्रूझ मंदिर रंगविण्यास गेले. तेथील काम चालू असतानाच प्रकृती ढासळली, आणि नोव्हेंबर १९०५ मध्ये, वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी, त्यांनी तेथेच देह ठेविला. त्यानंतर थोड्याच दिवसांत त्या मंदिराचा अभिषेक झाला. तो सोहळा पाहणे त्यांच्या वाट्यास आले नाही.

मंगळूरच्या चित्रांस काळाने व ओलाव्याने इजा केली होती. सन १९९१ ते १९९४ या काळात जाणत्या कारागिरांकडून त्यांचा जीर्णोद्धार झाला. फुलचूरहून मंगळूर लांब पडते खरे. परंतु गोंदियाहून मुंबईस थेट आगगाडी जाते, आणि होली नेम मंदिर कुलाब्यातच आहे. कामानिमित्त तिकडे जाणाऱ्या आमच्या धर्मग्रामस्थांनी अर्धा तास काढून त्या भिंतींपुढे बसावे, आणि उठण्यापूर्वी या बंधूच्या आत्म्यासाठी एक नमो मारिया म्हणावी.